लाडमोड टेकाड (नेवासे)

लाडमोड टेकाड हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे (नेवासा) या तालुक्याच्या गावी प्रवरा नदीच्या काठी असलेले प्राचीन वस्तीचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेने हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली येथे १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात उत्खनन केले. टेकाडातील वस्तीचे थर आणि लगतच्या नदीकाठातील वाळू-गोट्यांचे थर यांच्या अभ्यासातून पूर्व पुराश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे एकूण सहा कालखंड निश्चित करण्यात आले. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाची मांडणी ज्या मोजक्या स्थळांच्या आधारे झाली, त्यांत नेवाशाचे स्थान वरचे आहे. मध्य पुराश्मयुगातील हत्यारांच्या एका परंपरेला या गावावरून ‘नेवासियन’ असे नाव मिळाले.

विदर्भातील शिलावर्तुळांप्रमाणे जमिनीवर उभे असलेले कोणतेही प्रागैतिहासिक स्मारक येथे नाही. येथील पुरावा मातीच्या थरांत आणि नदीच्या कातलेल्या काठात आहे. त्यामुळे हे स्थळ सहजी नजरेत भरत नाही आणि सहजी नष्टही होऊ शकते.

स्थान

नेवासे हे अहिल्यानगर शहराच्या ईशान्येस सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. प्रवरेच्या दोन्ही काठांना नेवासे खुर्द आणि नेवासे बुद्रुक अशी गावे वसली आहेत. प्रवरा नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते, अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतून पूर्वेकडे वाहते आणि नेवाशाच्या पुढे टोके येथे गोदावरीस मिळते. हे ठिकाण प्रवरासंगम या नावाने ओळखले जाते.

या नदीच्या काठी ताम्रपाषाणयुगातील वस्त्यांची एक मालिकाच आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि नेवासे ही त्यांतील प्रमुख होत. बारमाही पाणी, काठची काळी कसदार जमीन आणि हत्यारांसाठी लागणारे दगड नदीपात्रातच मिळण्याची सोय, ही या वस्त्यांमागील मुख्य कारणे मानली जातात.

मराठी वाचकास नेवासे परिचित आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये हा ग्रंथ येथे सिद्ध झाला. ज्या स्तंभाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले असे मानतात, तो ‘पैस खांब’ आजही येथील मंदिरात आहे. दुर्गा भागवत यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘पैस’ या लेखसंग्रहाचे नाव याच खांबावरून आले आहे. ज्ञानेश्वरीला सातशेहून अधिक वर्षे झाली. मात्र लाडमोड टेकाडावरील शेतकऱ्यांची पहिली वस्ती तिच्याही आधी सुमारे २,८०० वर्षे होऊन गेलेली होती.

शोध आणि उत्खनन

सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी १९५०–५१ मध्ये जोर्वे येथे उत्खनन केले. तेथे मिळालेल्या काळ्या नक्षीच्या तांबड्या खापरांवरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव रूढ झाले. जोर्वे येथील थर फारसे जाड नव्हते. या संस्कृतीचा काळ, तिची घरे आणि तिचे आधीच्या व नंतरच्या लोकांशी असलेले नाते समजण्यासाठी अधिक खोल थरांच्या टेकाडाची गरज होती. नेवाशाने ती भागविली.

१९५४–५६ च्या उत्खननाचा अहवाल ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’ या नावाने १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. सांकलिया, देव, झैनुद्दीन दाऊद अन्सारी आणि जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एर्हार्ट हे त्याचे लेखक होत. ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ हा शीर्षकातील क्रम उत्खननाचाच क्रम आहे. खोदणाऱ्यास सर्वांत नवा थर आधी भेटतो आणि सर्वांत जुना शेवटी. त्यामुळे उत्खननात काळ उलटा वाचावा लागतो आणि अहवाल लिहिताना तो पुन्हा सुलटा मांडावा लागतो.

कालखंड

अहवालात नेवाशाच्या इतिहासाचे पुढीलप्रमाणे सहा कालखंड केले आहेत.

पहिला : पूर्व पुराश्मयुग. नदीकाठच्या घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी व फरश्या.
दुसरा : मध्य पुराश्मयुग. त्यावरील बारीक गोट्यांच्या थरात छिलक्यांची लहान हत्यारे.
तिसरा : ताम्रपाषाणयुग. सुमारे इ.स.पू. १५०० ते १०००.
चौथा : आद्य ऐतिहासिक काळ. सुमारे इ.स.पू. दुसरे ते पहिले शतक.
पाचवा : सातवाहन काळ, अहवालातील संज्ञेनुसार ‘इंडो-रोमन’. सुमारे इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. दुसरे शतक.
सहावा : मुस्लिम-मराठा काळ. सुमारे चौदावे ते अठरावे शतक.

हे कालखंड सलग नाहीत. पहिले दोन कालखंड नदीच्या थरांतून कळतात, तर पुढील चार टेकाडातून. ताम्रपाषाणयुगानंतर टेकाड कित्येक शतके ओसाड होते आणि सातवाहन काळानंतरही तेथील वस्तीत मोठा खंड पडला. ‘सहा कालखंड’ याचा अर्थ सहा वेळा एकाच जमातीची वस्ती, असा घेता येत नाही.

अश्मयुगीन अवशेष

प्रवरेच्या काठात तळाच्या खडकावर मोठ्या गोट्यांचा एक थर आढळतो. चुन्याच्या अंशामुळे तो सिमेंटसारखा घट्ट झालेला आहे. या थरात काळ्या अग्निज खडकाच्या हातकुऱ्हाडी व फरश्या मिळाल्या. हातकुऱ्हाड ही दोन्ही बाजूंनी छिलके काढून टोकदार केलेली असते, तर फरशीला टोकाऐवजी रुंद आडवी धार असते. दोहोंचा उपयोग तोडणे, चिरणे, खणणे यांसाठी होत असावा. ही हत्यारे पूर्व पुराश्मयुगातील अश्यूलियन परंपरेत मोडतात. नेवाशाच्या या थराच्या युरेनियम-थोरियम पद्धतीने केलेल्या कालमापनात त्याचे वय साडेतीन लाख वर्षांहून अधिक असल्याचे दिसले.

याच्या वरच्या थरात निराळी हत्यारे मिळाली. ती आकाराने लहान असून चर्ट, जॅस्पर, अकीक अशा बारीक पोताच्या, रंगीत दगडांची आहेत. मोठा दगड घडवून एकच अवजार करण्याऐवजी गाभ्यापासून छिलके काढून त्यांच्या तासण्या, टोचण्या व अण्या केलेल्या आहेत. तासणीने कातडे किंवा लाकूड खरवडता येते आणि टोचणीने भोक पाडता येते. सांकलियांनी १९५६ मध्ये ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात प्रवरेच्या खोऱ्यातील या हत्यारांची आणि प्राण्यांच्या जीवाश्मांची माहिती प्रसिद्ध केली. हातकुऱ्हाडींच्या थरावर ही हत्यारे स्वतंत्र थरात मिळत असल्याने भारतात मध्य पुराश्मयुग हा वेगळा टप्पा मानण्यास भक्कम आधार मिळाला. ‘नेवासियन’ हे नाव या संदर्भात आले.

पुढे १९६० च्या दशकात गुद्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने नेवाशानजीक चिरकी नाल्यावर उत्खनन करून अश्यूलियन हत्यारांचे स्थळ उजेडात आणले. नदीने दुरून वाहून आणलेली हत्यारे आणि माणसाने जेथे केली व वापरली तेथेच राहिलेली हत्यारे यांत मोठा फरक असतो. पहिल्या प्रकारातून हत्याराचा आकार समजतो, तर दुसऱ्यातून माणसाच्या वावराची जागाही समजू शकते. प्रवरेच्या खोऱ्याच्या अभ्यासात चिरकीचे महत्त्व या कारणाने आहे.

ताम्रपाषाणयुगीन वस्ती

तिसऱ्या कालखंडातील लोक शेती व पशुपालन करणारे होते. त्यांची घरे कुडाची होती. उत्खननात खांबांचे खळगे, चोपून केलेल्या जमिनी व चुलींचे अवशेष मिळाले. लाकूड कुजून गेले, तरी खांब रोवलेल्या खळग्यात नंतर भरलेली माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची राहते. अशा खळग्यांच्या रांगांवरून घराचा आकार काढता येतो.

या लोकांची मृद्भांडी हे त्यांचे मुख्य ओळखचिन्ह होय. जोर्वे प्रकारची भांडी चाकावर घडविलेली, पातळ आणि उत्तम भाजलेली असून वाजविल्यास खणखणीत आवाज देतात. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात समांतर रेषा, जाळी, चौकटी अशी भौमितिक नक्षी असते. कंगोरा असलेली वाडगी आणि तोटीची पात्रे हे विशेष आकार होत. साठवण आणि दफनासाठी मात्र जाडसर, हाताने घडविलेली करड्या रंगाची भांडी वापरीत.

तांबे माहीत होते, पण दुर्मीळ होते. तांब्याच्या मोजक्या वस्तू व मणी मिळाले, मात्र रोजच्या कामाची हत्यारे दगडाचीच राहिली. कॅल्सेडनी दगडाच्या अरुंद पात्यांची लहान हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. ही पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून विळ्यासारखे अवजार करता येई. घासून गुळगुळीत केलेल्या डोलेराइटच्या कुऱ्हाडीही येथे सापडल्या. एकाच घरात तांब्याचा मणी, दगडी पाते आणि दगडी कुऱ्हाड आढळते. ‘ताम्रपाषाण’ या संज्ञेचा अर्थ यावरून विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कळतो.

दफनपद्धती

नेवाशातील उत्खननात मिळालेल्या ताम्रपाषाणयुगीन दफनांपैकी बहुसंख्य दफने लहान मुलांची आहेत. मूल वारल्यावर त्याचे अवशेष दोन करड्या कुंभांत ठेवीत. हे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे मांडीत आणि घराच्या जमिनीखालीच खड्डा करून पुरीत. जमीन पुन्हा सारवली जाई आणि त्याच घरात पुढे नित्याचा संसार चाले. प्रौढ व्यक्तीला उताणे, उत्तर-दक्षिण दिशेत पुरण्याची रीत जोर्वे संस्कृतीत होती. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे अशा प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. मृताने परत उठून जाऊ नये या भावनेने तसे करीत असावेत, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे.

मुलांच्या दफनांची ही संख्या त्या काळच्या बालमृत्यूंची कल्पना देते. घराखाली पुरण्यामागे मूल कुटुंबातच राहावे ही भावना असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, लिखित साधन नसल्याने हा अर्थ निश्चित म्हणून सांगता येत नाही. कुंभ निवडून ठेवले होते, जागा घरातलीच होती आणि हीच कृती घराघरांत पुन्हा पुन्हा झाली, एवढे मात्र थरांवरून निःसंशय म्हणता येते.

रेशमाचा धागा

एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत ओवलेल्या धाग्याचे तुकडे शिल्लक होते. सूक्ष्मदर्शकाखाली ए. एन. गुलाटी यांनी केलेल्या तपासणीत त्यांत रेशीम आणि कापूस आढळला. तीन हजार वर्षे धागा टिकण्याचे कारण मण्यांतच आहे. तांबे गंजताना तयार होणारे क्षार धाग्यात शिरतात आणि कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढू देत नाहीत. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथेही तांब्याच्या मण्यांत धागा टिकून राहिला होता.

भारतातील रेशमाचा सर्वांत प्राचीन पुरावा म्हणून नेवाशाचा उल्लेख पुष्कळ काळ होत असे. २००९ मध्ये हडप्पा व चन्हुदडो येथील त्याहून जुन्या रेशीमधाग्यांचे संशोधन प्रसिद्ध झाल्यापासून हा मान नेवाशाकडे राहिलेला नाही. तरीही दख्खनच्या एका लहान कृषिवस्तीत, तेही एका मुलाच्या गळ्यात, रेशीम पोहोचले होते ही गोष्ट त्या काळच्या देवघेवीबद्दल बरेच सांगून जाते.

सातवाहन काळ

पाचव्या कालखंडात नेवासे हे व्यापाराच्या वाटेवरील समृद्ध गाव होते. गोदावरीकाठचे पैठण (प्रतिष्ठान) हे सातवाहनांचे प्रमुख नगर येथून फार दूर नाही. या थरांत सातवाहनांची नाणी, काचेचे व दगडाचे मणी, तांबडी झिलईदार मृद्भांडी आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. भूमध्य सागराच्या परिसरातून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला माल घाट चढून आतल्या गावांपर्यंत येत असे, याचा हा पुरावा आहे.

शिलावर्तुळांशी तुलना

महाराष्ट्रात प्रागैतिहासिक दफनांची दुसरी ठळक पद्धत विदर्भात दिसते. नागपूर आणि लगतच्या जिल्ह्यांत मुरमाड माळावर व टेकड्यांच्या पायथ्याशी मोठाले दगड गोलाकार मांडून केलेली शिलावर्तुळे आहेत. वर्तुळाच्या आत दगडगोटे व माती यांचा भराव असतो आणि त्याखाली दफनाचे अवशेष. ही महापाषाण संस्कृतीची स्मारके असून त्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकात येतो. नागपूरच्या पश्चिमेस काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे दिसतात.

या वर्तुळांच्या अभ्यासाचा इतिहास जुना आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. १८७९ मध्ये जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांची माहिती प्रसिद्ध केली आणि युरोपातील वर्तुळांशी त्यांचे साम्य दाखविले. १९६१–६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. नेवाशाच्या उत्खननातील एक लेखक शां. भा. देव यांनीच पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथील महापाषाणीय अवशेषांचे उत्खनन करून या संस्कृतीचे चित्र स्पष्ट केले. या वर्तुळांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे लगाम, तांब्याचे अश्वालंकार आणि घोड्यांची हाडे मिळाली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली.

दोन्ही पद्धतींतील फरक लक्षणीय आहे. नेवाशाच्या लोकांनी मृताला घरात, दृष्टीआड ठेवले. शिलावर्तुळे रचणाऱ्यांनी त्याला वस्तीबाहेर नेऊन दुरून दिसेल अशी खूण उभारली. पहिल्या लोकांना लोखंड माहीत नव्हते, दुसऱ्यांची ओळखच लोखंड आणि घोडा यांनी होते. एका पद्धतीतून दुसरी निघाली, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

इंग्लंडमधील स्टोनहेंजशी विदर्भातील वर्तुळांची तुलना नेहमी केली जाते. स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. नेवाशाची ताम्रपाषाणयुगीन वस्ती त्यानंतर सुमारे एक हजार वर्षांनी वसली आणि विदर्भातील वर्तुळे त्याहूनही नंतरची आहेत. आकार सारखा असला म्हणजे काळ किंवा लोक एक असतात असे नाही.

स्थळाला भेट

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील नेवासे फाट्यावरून गावात जाता येते. पैस खांबाचे मंदिर, मोहिनीराजाचे मंदिर, प्रवरेचा काठ आणि टेकाडाचा परिसर एका दिवसात पाहून होतो. पावसाळ्यात नदीला पाणी असल्याने काठाचे खालचे थर झाकलेले असतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्यात ते अधिक चांगले दिसतात. उत्खननाचे खड्डे पाहणीनंतर बुजविण्याची पद्धत असल्याने तेथे उघडी घरे किंवा कुंभ पाहावयास मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयास आधी भेट दिल्यास खापरे व हत्यारे ओळखणे सोपे जाते.

माणसाने काढलेला छिलका आणि आपोआप फुटलेला दगड यांतील फरक अभ्यागतास थोड्या सरावाने कळतो. छिलक्याच्या एका टोकाला ठोका दिलेली सपाट जागा असते, तिच्याखाली आघाताचा किंचित फुगवटा येतो आणि त्यापासून लाटांसारख्या वलयरेषा पसरतात. खापरांत काळ्या रेषांची पातळ तांबडी खापरे जोर्वे प्रकारची असण्याचा संभव असतो.

दिसलेली वस्तू उचलू नये, ही सूचना केवळ शिस्तीची नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकेच तिचे स्थान महत्त्वाचे असते. ‘नेवासियन’ हा टप्पा हत्यारांच्या रूपावरून जितका ठरला, तितकाच ती कोणत्या थरात होती यावरून ठरला. मण्यांची माळ एखाद्या पेटीत सुटी मिळाली असती, तर ती केव्हाची आणि कोणाची हे कळले नसते. ती घराखालच्या कुंभात, एका मुलाजवळ मिळाली म्हणून तिच्यावरून काही सांगता येते. शिलावर्तुळातील दगड हलविला तर वर्तुळ तुटलेले निदान दिसते. टेकाडातील माती शेतासाठी वा विटांसाठी नेली, नदीकाठचे गोटे-वाळू उपसली, तर जे गेले त्याची खूणही मागे राहत नाही. नदीचा प्रवाह काठ कातीत असतोच. त्यात माणसाच्या उपशाची भर पडल्यास हानी वेगाने होते. स्थळावर एखादी विशेष वस्तू उघडी पडलेली आढळल्यास ती जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे आणि राज्य पुरातत्त्व विभागास किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागास कळवावे.